गहाण की खरेदी?

देशावरच्या किंवा बेळगावकडील जुन्या शेतकरी घरातील लाकडी पेटी उघडली, तर तीत स्टांपाच्या पिवळ्या पडलेल्या कागदांची एखादी जुडी सापडण्याचा संभव असतो. त्यांतील एखाद्या कागदाच्या माथ्यावर 'खरेदीखत' असा शब्द असतो. अमुक गावची अमुक जमीन इतक्या रुपयांस कायमची विकली, तिच्यावर आपला किंवा आपल्या वारसांचा काहीएक हक्क राहिला नाही, अशी भाषा त्याखाली असते. परंतु घरातील वडीलधारी माणसे पिढ्यान्पिढ्या निराळेच सांगत आलेली असतात. ती जमीन विकलेली नव्हतीच, ती गहाण होती. पैसे फेडले की ती परत द्यावयाची असे सावकाराने चारचौघांत कबूल केले होते, असे त्यांचे म्हणणे.

कागद एक सांगतो आणि माणसे दुसरे सांगतात. या दोहोंत खरे कोणते मानावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता एखाद्या घरापुरता वाटतो. वस्तुतः मुंबई इलाख्याच्या आणि पुढे महाराष्ट्र राज्याच्या कायदेकारांनी दीडशे वर्षे याच प्रश्नाशी झुंज घेतलेली आहे. त्या झुंजीचा आरंभ १८७९ च्या सतराव्या कायद्यापासून होतो. त्याचे इंग्रजी नाव 'डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट'. येथे त्याला 'शेतकरी कायदा' एवढेच म्हणणे सोयीचे होईल. या कायद्याने शेतकऱ्याचे गहाण सुरक्षित केले आणि त्याचाच परिणाम म्हणून सावकाराने गहाण हा शब्दच टाकून दिला. हे कसे घडले ते समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

जमिनीवर कर्ज काढण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. कर्ज फिटेपर्यंत सावकाराने जमीन आपल्या ताब्यात घेऊन उत्पन्न खावे, हे ताबेगहाण. जमीन कुळाकडेच ठेवून केवळ कागदावर तिचा बोजा चढवावा, हे नजरगहाण. तिसरा प्रकार 'गहाण-लहाण' या नावाने ओळखला जाई. ठरल्या मुदतीत रक्कम परत न आल्यास गहाण हीच खरेदी समजावी, अशी त्यातील अट असे. या तिसऱ्या प्रकारात मुदतीचा दिवस मावळला की एक पिढीजात शेत मालकाच्या हातून जावे, अशी कागदाची भाषा होती. तथापि १८६४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, व्यवहार मुळात कर्जाच्या तारणाचा असेल तर अशा अटीनेही कर्जदाराचा जमीन सोडवून घेण्याचा हक्क बुडत नाही. एकदा जे गहाण, ते सदैव गहाणच, हे तत्त्व यायोगे या प्रांतात लवकर रुजले.

व्याजाच्या बाबतीतही जुन्या धर्मशास्त्राने एक कुंपण घातले होते. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा नियम. मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो मानीत असत. शंभर रुपयांचे कर्ज कितीही वर्षे थकले तरी दावा दोनशेच्या वर जाऊ नये, असा त्याचा अर्थ. नियम चांगला होता. परंतु त्याला एक वाट फुटलेली होती. जुने खत फाडून व्याजासह होणाऱ्या रकमेचे नवे खत लिहून घेतले की कालचे व्याज आज मुद्दल बनत असे, आणि दुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

ही वाट पुढे हमरस्ता झाली, ती इंग्रजी अमदानीतील एका कायद्यामुळे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खताचा दावा तीन वर्षांच्या आत केला पाहिजे असे ठरविले. कर्जदाराला जुन्यापुराण्या मागण्यांपासून संरक्षण मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावी आणि नवे खत लिहून घेई. समजा, एखाद्याने दरमहा शेकडा दोन रुपये व्याजाने शंभर रुपये घेतले. तीन वर्षांनी बहात्तर रुपये व्याज होऊन एकशे बहात्तरांचे नवे खत झाले. आणखी तीन वर्षांनी ते सुमारे दोनशे शहाण्णवांचे झाले आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस पाचशे रुपयांच्या पलीकडे गेले. मधल्या काळात कुळाने एक नवा रुपयाही उचललेला नसला तरी हेच घडे. दामदुपटीचा नियम कागदाला लावला, तर पाचशेंच्या खतावर हजारांपर्यंत मागणी चालू शकत होती.

याच सुमारास जमिनीचे स्वरूपही पालटले. रयतवारी पद्धतीने प्रत्येक शेताची मोजणी होऊन ते एका खातेदाराच्या नावे लागले. ते विकण्याची व गहाण ठेवण्याची त्याला मोकळीक मिळाली. सारा मात्र रोख आणि ठरल्या तारखेला भरावयाचा होता. पीक खळ्यात येण्यापूर्वी हप्ता आला की शेतकऱ्याला सावकाराचे दार ठोठावल्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून सावकार हा केवळ लोभाचा पुतळा होता असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही. सरकारचा सारा, बियाणे, बैल आणि घरातील लग्न या सर्व गरजा भागविणारी दुसरी कोणतीही पेढी गावात नव्हती. दोष होता तो असा की, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाची सही किंवा अंगठा एकदा कागदावर उमटला, की न्यायालय त्या कागदापलीकडे पाहत नसे.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदी कापसाचे भाव चढले. दक्षिणेतही पैसा खेळू लागला, जमिनीची पत वाढली आणि तिच्यावर सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपताच भाव कोसळले. १८६७ पासून पुणे जिल्ह्यात सुरू झालेल्या फेरआकारणीने साऱ्याचे दर मात्र वाढले. सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या येण्यासाठी न्यायालयांकडे धाव घेतली. दाव्यामागून दावे एकतर्फी निकालात निघू लागले.

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे या गावी असा प्रसंग आला. दीडशे रुपयांच्या हुकूमनाम्यापायी एका सावकाराने तेथील एका प्रतिष्ठित देशमुखाचे घर पाडण्यास प्रारंभ केला. गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची हजामत करावयाची नाही, पाणी भरावयाचे नाही, शेत कसावयाचे नाही, असे ठरले. ही लाट आसपासच्या गावांत पसरली. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, भीमथडी तालुक्यातील सुपे येथे जमाव सावकारांच्या घरांवर व दुकानांवर चालून गेला, आणि पुढील काही आठवड्यांत पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावी तसेच प्रकार घडले.

या दंग्यांत एक गोष्ट ठळकपणे दिसून आली. जमावाचा रोख सावकाराच्या जिवावर क्वचितच होता. तो त्याच्या दप्तरावर होता. खते आणि रोखे मागून घ्यावेत व चौकात जाळावेत. ज्याने ते मुकाट्याने दिले, त्याच्या घराला बहुधा हात लावू नये, असा सर्वत्र क्रम होता. शेतकऱ्याला लिहिता येत नसले तरी आपले शेत कोठे अडकले आहे, हे त्याला पक्के ठाऊक होते. ते कागदात अडकले होते.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने केवळ दंग्यांची हकीकत न देता कर्जाची मुळे शोधली. सावकार आणि शेतकरी यांच्यात व्यवहाराचे स्वातंत्र्य समान आहे असे मानून चालणारे न्यायदानच येथे अन्यायाचे साधन झाले आहे, हे त्याच्या अहवालावरून स्पष्ट झाले. त्यातूनच १८७९ चा कायदा निघाला आणि पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला.

या कायद्यातील तरतुदी त्या काळाच्या मानाने धाडसाच्या होत्या. पहिली तरतूद अशी की, शेतकऱ्याविरुद्ध दावा आला म्हणजे न्यायाधीशाने समोरच्या खतावर विसंबू नये; व्यवहाराच्या अगदी आरंभापर्यंत मागे जाऊन मूळ रक्कम किती दिली, फेड किती झाली, व्याज किती चढले याचा हिशेब स्वतः घ्यावा. व्याजावर व्याज धरावयाचे नाही. दर अवाजवी असेल तर वाजवी दर न्यायालयाने ठरवावा. वर सांगितलेल्या उदाहरणातील पाचशेंचे खत अशा न्यायाधीशापुढे आले असते, तर त्याने नऊ वर्षांपूर्वीचे ते शंभर रुपये शोधून काढले असते आणि तेथून मोजणी केली असती. गहाण जमीन सोडवून घेण्याच्या दाव्यालाही हीच रीत लागू होती.

दुसरी तरतूद जमिनीविषयी होती. पैशाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीत शेतकऱ्याची जमीन जप्त करून विकता येणार नाही. मात्र त्या कर्जापोटी ती स्पष्टपणे गहाण दिलेली असेल तर गोष्ट वेगळी. त्याचप्रमाणे कर्जापायी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकण्याचे बंद झाले. शेतकऱ्याचे खत खेड्यासाठी नेमलेल्या रजिस्ट्रारासमोर लिहिले जावे, सावकाराने पावती द्यावी व हिशेब दाखवावा, दावा लावण्यापूर्वी तडजोडीसाठी नेमलेल्या गृहस्थांपुढे जावे, अशाही योजना त्यात होत्या. मुदतीचा काच ढिला करून तीन वर्षांऐवजी अधिक काळ देण्यात आला, म्हणजे खते वारंवार बदलण्याची सबब उरू नये.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे नाव या कायद्याच्या अंमलाशी निगडित आहे. १८८१ पासून त्यांनी या कायद्याखालील न्यायालयांच्या तपासणीचे काम केले आणि पुढे ते त्याखालील विशेष न्यायाधीश झाले. १८९३ साली उच्च न्यायालयावर जाण्यापूर्वीची त्यांची बरीच वर्षे या कामी गेली. ग्रंथांतून अर्थशास्त्र वाचलेला हा विद्वान तालुक्यांच्या ठिकाणी जाऊन खेडुतांच्या कर्जाचे निवाडे तपासीत असे. त्यांच्या पुढील आर्थिक विचारांना या अनुभवाचा आधार आहे.

सावकारांनी कायदा बारकाईने वाचला. साध्या खतावर आता जमीन मिळत नाही. मग प्रत्येक कर्जाला गहाण मागावयाचे, ही पहिली पायरी झाली. परंतु गहाणाच्या दाव्यातही न्यायाधीश मागचा सगळा हिशेब उकरून काढतो, व्याज कापतो आणि जमीन कुळाला परत देतो, असा अनुभव येऊ लागला. तेव्हा दुसरी पायरी आली. कर्ज द्यावयाचे, पण कागद गहाणाचा करावयाचाच नाही, खरेदीखत करावयाचे. 'पैसे आणून दे, जमीन परत करीन,' हा करार केवळ तोंडी ठेवावयाचा. कित्येकदा विकणारा शेतकरीच पुढे कूळ म्हणून त्याच शेतात राबे आणि व्याजाच्या जागी खंड भरी. शेत तेच, नांगर तोच, कर्जही तेच. कागदावरचे नाव तेवढे बदलले.

या ठिकाणी शेतकरी कायद्याची गाठ दुसऱ्या एका कायद्याशी पडली. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ९२ व्या कलमाचे तत्त्व असे की, दोन पक्षांमधील करार लेखी झाला असेल, तर त्याच्या विरुद्ध जाणारा तोंडी कराराचा पुरावा घ्यावयाचा नाही. व्यापाराच्या दृष्टीने हे तत्त्व योग्यच आहे. लेखाला स्थैर्य नसेल तर व्यवहार चालणार नाहीत. मुंबईतील न्यायाधीशांनी काही काळ पक्षकारांच्या वर्तनावरून व्यवहाराचे खरे स्वरूप ताडण्याचा प्रयत्न केला. परंतु १८९९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने एका प्रकरणात असे ठरविले की, लेखाचा हेतू निराळा होता हे दाखविण्यासाठी अशा तोंडी पुराव्याचा आश्रय घेता येणार नाही. हा नियम शेतकऱ्याच्या खरेदीखताला लावला, म्हणजे त्याच्या तोंडी कराराला न्यायालयाचे दार बंद होत होते.

ते दार उघडण्याचे काम पुन्हा कायदेमंडळालाच करावे लागले. शेतकरी कायद्यात १०-अ हे नवे कलम घालण्यात आले. दाव्यातील एक पक्ष शेतकरी असेल आणि व्यवहाराच्या वेळीही तो शेतकरी असेल, तर ९२ व्या कलमाची अडचण न मानता न्यायालयाने व्यवहाराचे खरे स्वरूप शोधावे आणि त्यासाठी तोंडी कराराचा पुरावाही घ्यावा, असे त्याचे सार. घरातील वडीलधाऱ्यांची आठवण या कलमाने प्रथमच साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहू शकली. कोणी किती पैसे दिले, जमिनीची खरी किंमत काय होती, सारा कोण भरीत होते, 'विक्री'नंतर शेत कोण कसत होते, असे प्रश्न न्यायालयात विचारले जाऊ लागले. हजार रुपयांची जमीन दोनशेंना 'विकली' असेल, तर तो आकडा स्वतःच साक्षीदार ठरे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कायद्याचा विस्तार मुंबई इलाख्याच्या इतर जिल्ह्यांतही झाला. बेळगाव-धारवाडकडील शेतकऱ्यांच्या कागदांत या कायद्याचे उल्लेख येतात, ते त्यामुळे.

मात्र कायद्याला जे करता आले नाही, तेही सांगितले पाहिजे. त्याने जुन्या कर्जाची गाठ सैल केली. नवे कर्ज कोणी द्यावे, याची व्यवस्था केली नाही. वसुलीची खात्री कमी झाली, तसा सावकार अधिक सावध झाला, आणि गरज असलेल्या माणसाला त्याच्याच अटींवर कागद लिहून द्यावा लागला. खरेदीखतावर अंगठा उमटविणाऱ्या शेतकऱ्याला आपण काय करीत आहोत हे पुष्कळदा समजत होते. पण दुसऱ्या दिवशी साऱ्याचा हप्ता होता.

ही उणीव विचारी माणसांच्या लक्षात लवकर आली होती. सर विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात शेतकऱ्यांसाठी पेढी काढण्याची योजना मांडली आणि रानडे यांनी तिला पाठबळ दिले. परंतु लंडनमध्ये भारतमंत्र्यांकडे तिला मंजुरी मिळाली नाही. १८९१ साली पुण्याच्या औद्योगिक परिषदेत रानडे यांनी जमिनीच्या तारणावरील पतपुरवठ्याची पुनर्रचना या विषयावर निबंध वाचला. युरोपातील देशांत जमिनीच्या तारणावर कर्ज देणाऱ्या संस्था कशा उभ्या राहिल्या, याचे दाखले देऊन आपल्याकडेही तशा संस्था हव्यात, असे त्यांनी प्रतिपादिले. सरकारने १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाईची सोय केली होती. सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ साली आला. आणि जमिनीच्या तारणावर दीर्घ मुदतीची कर्जे देणारी मुंबई प्रांताची सहकारी भूतारण बँक १९३५ साली निघाली. सुप्याच्या दंग्याला तेव्हा साठ वर्षे झाली होती.

दरम्यान कायदेकारांचा गहाण आणि खरेदी यांच्यामागचा पाठलाग चालूच राहिला. १९२९ साली मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. परत देण्याची अट विक्रीच्या लेखातच लिहिलेली असेल तरच त्या व्यवहाराला शर्तीच्या खरेदीचे गहाण म्हणता येईल, असे तीत ठरले. ज्याचा करार तोंडीच राहिला होता, त्याला साध्या कायद्याने अशी वाट राहिली नाही; शेतकऱ्यांसाठीचे विशेष कायदे म्हणूनच महत्त्वाचे ठरले. १९३९ च्या आणि पुढे १९४७ च्या मुंबई शेतकरी कर्जदार साहाय्य कायद्यांनी कर्जांची रक्कम ठरवून ती कमी करण्याची व हप्ते बांधण्याची व्यवस्था केली, आणि विक्री म्हणून दाखविलेला व्यवहार वस्तुतः गहाणाचा आहे असे जाहीर करण्याचा अधिकारही दिला. १९४६ च्या सावकारांसंबंधीच्या कायद्याने परवान्याची व हिशेबाची सक्ती आली.

मूळ प्रश्न तेवढ्याने मिटला असता, तर या कथेला जुन्या दप्तरापलीकडे महत्त्व नव्हते. परंतु २०१४ साली महाराष्ट्र सरकारला सावकारीच्या नियमनाचा नवा कायदा करावा लागला. त्याच्या अठराव्या कलमाने जिल्हा निबंधकाला असा अधिकार दिला आहे की, मागील पंधरा वर्षांत विक्री, गहाण, भाडेपट्टा वा अन्य मार्गाने सावकाराकडे गेलेली स्थावर मालमत्ता ही सावकारीच्या व्यवहारातून गेली असे चौकशीअंती दिसून आले, तर तो लेख अवैध ठरवून मालमत्ता कर्जदाराला किंवा त्याच्या वारसाला परत देवविता येते. शब्द नवे आहेत, अधिकारीही नवा आहे. पण त्याला द्यावे लागणारे उत्तर तेच आहे, जे १८७९ नंतर पुण्याच्या आणि साताऱ्याच्या न्यायाधीशांना द्यावे लागे. हा कागद खरेदीचा, की गहाणाचा?

या दीर्घ इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यात एकाच्या हाती लेखणी व दुसऱ्याच्या हाती केवळ गरज असेल, तेथे कागदाच्या शब्दावर थांबणारा न्याय अपुरा पडतो. न्यायाधीशाला कागदाच्या मागे जावेच लागते. हे १८७९ च्या कायद्याने ओळखले, हा त्याचा मोठेपणा. दुसरी गोष्ट अशी की, वाईट कर्जाचे दार बंद करताना चांगल्या कर्जाचे दार शेजारीच उघडे असावे लागते. नाहीतर गरजवंत मागच्या दाराने जुन्याच ठिकाणी जातो आणि अधिक कठीण अटी पत्करतो. रानडे यांनी हे १८९१ सालीच सांगितले होते. पेटीतील ती पिवळी खरेदीखते आजही वाचली, तर त्यांतील रक्कम, तारीख आणि शेताची चतुःसीमा यांवरून सहज दिसून येते की, एका घराचे शेत बहुधा एखाद्या साऱ्याच्या हप्त्याएवढ्या रकमेपायी गेले. ती रक्कम त्या दिवशी गावात दुसरीकडे कोठे मिळाली असती, तर तो कागद लिहिलाच गेला नसता.